उपचाराचा पैसा आणि संशोधनाचा पैसा (लेखांक सातवा)

बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीविषयी या आठवड्यात लिहिण्याचे ठरले होते. परंतु पिरनवाडीच्या एका वाचकाने पाठवलेला प्रश्न विषयाच्या मुळाशी जाणारा असल्याने बार्शीला आठवडाभर थांबावे लागेल. प्रश्न असा की, कर्करोग झालेल्या मुलाच्या उपचाराचे पैसे सरकारी योजनेतून रुग्णालयाला मिळत असतील, तर संशोधनासाठी सरकारने निराळे अनुदान का द्यावे?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या दोन पैशांची गल्लत होणे साहजिक आहे, कारण येथे योजनाही दोन राज्यांच्या आहेत. कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहेच; शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमेवरील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरवले, तेव्हा उठलेले वादळ वाचकांच्या स्मरणात असेल. राजकारण बाजूला ठेवले, तर दोन्हींचे स्वरूप एकच आहे: ठरलेल्या उपचाराला ठरलेली रक्कम मिळते आणि रुग्ण घरी गेला की कागद मिटतो. संशोधनाला मात्र त्याच ठिकाणाहून पुढचे हवे असते, म्हणजे मूल घरी गेल्यावर औषध चालू राहिले की सुटले, रोग उलटला की नाही, आणि चार वर्षांनी ते शाळेत जाते आहे की नाही.

याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे ‘एमसीपी ८४१’ ही उपचारप्रणाली होय. उपचारप्रणाली म्हणजे कोणते औषध, कोणत्या दिवशी, किती मात्रेत द्यायचे याचा सर्व केंद्रांनी सारखाच पाळायचा आराखडा. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया या, मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगासाठी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने १९८४ पासून ती वापरली. चार वर्षांपर्यंत रोग न उलटता जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण त्यापूर्वी २० टक्क्यांच्याही खाली होते. ते ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत गेले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट नोंदी तपासताना पुढे आली. पाश्चात्त्य देशांत मुलाच्या वयावरून रोगाचा धोका ठरवला जातो, पण १९९० ते १९९७ या काळातील १,०४८ रुग्णांच्या नोंदी पाहता या तिन्ही केंद्रांपैकी एकातही वयाचा तसा संबंध दिसला नाही. परदेशी कोष्टक जसेच्या तसे उचलून आपल्या मुलांना लावता येत नाही, हे कोणत्याही विमा योजनेच्या कागदावरून कधीच कळले नसते.

टाटा रुग्णालय १९६२ पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे आणि एम्सही केंद्राचीच, त्यामुळे वेतन, खाटा आणि प्रयोगशाळा यांचा भार सरकारी तिजोरीवर होता. असा पैसा संस्थेला मिळतो. एखाद्या रोगासाठी मंजूर झालेला, ठरावीक मुदतीचा आणि दरवर्षी उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) मागणारा प्रकल्पनिधी वेगळा. ठरावीक मुदतीच्या निधीचे एक उदाहरण पाहा: अमेरिकेने २०१४ मध्ये बालरोगांच्या संशोधनासाठी दहा वर्षे दरवर्षी १ कोटी २६ लाख डॉलर देण्याचा कायदा केला, आणि ही रक्कम काढली ती राजकीय पक्षांच्या उमेदवार-निवड अधिवेशनांना मिळणारे सरकारी साहाय्य बंद करून. या उदाहरणावरून सीमाभागातील वाचकांना काय काय सुचेल, ते त्यांच्यावरच सोपवलेले बरे.

प्रकल्पनिधी प्रत्यक्षात कशावर खर्च होतो, हे पाहण्यासाठी बेळगावबाहेर जाण्याचेही कारण नाही. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत २००२ ते २००५ या काळात बाळंतपणातील रक्तस्रावावर एक अभ्यास केला, ज्याला अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेचे साहाय्य होते. विषय कर्करोगाचा नसला तरी पद्धत पाहण्यासारखी आहे: किती रक्त गेले हे नजरेच्या अंदाजावर न सोडता बाळंतिणीखाली मोजमापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा पडदा घालून गावातल्या परिचारिकेने ते मोजायचे. १,६२० स्त्रियांच्या या अभ्यासात मिसोप्रोस्टॉलच्या गोळीने अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले आणि निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गोळी स्वस्त होती. खर्चाची खरी बाब मोजण्याची, नोंदण्याची आणि पुन्हा त्या घरी जाण्याची होती.

बालकर्करोगात नेमकी हीच बाब सर्वांत दुबळी राहते. मुलांचे कर्करोग संख्येने थोडे असतात, त्यामुळे रुग्णसंख्येवरून निधी वाटताना ते मागे पडतात. ल्युकेमियाचा उपचार दोन वर्षांहून अधिक चालतो, आणि त्या काळात पिरनवाडीहून मुंबईच्या किंवा बेंगळुरूच्या फेऱ्या करणारे कुटुंब मध्येच थांबले, तर त्या मुलाचा शोध घेणारा माणूस कोणत्या खर्चशीर्षात बसवायचा हा प्रश्न उरतोच. प्रकल्पाच्या अर्जात उपकरणांचा रकाना चटकन भरला जातो. या माणसाचे वेतन मात्र बहुधा शेवटी आठवते, आणि कपात करायची वेळ आली की पहिल्यांदा कापले जाते.

हा माग तुटू नये म्हणून, ज्या वाचकांच्या घरातील मूल असे उपचार घेऊन बरे झाले असेल, त्यांनी रुग्णालयाने दिलेला नोंदणी क्रमांक जपून ठेवावा, पत्ता किंवा दूरध्वनी बदलल्यास तेथे कळवावे आणि प्रकृती ठणठणीत असली तरी वार्षिक तपासणी चुकवू नये.