खडीच्या रस्त्यावरील तणांचे नियंत्रण : महाविद्यालयीन आवाराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : खडीचा रस्ता, तण, गाजर गवत, तणनाशके, जलसंधारण

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या आवारात प्रवेशद्वारापासून मुख्य इमारतीपर्यंत, वाहनतळावर आणि वसतिगृहाकडे जाणाऱ्या मार्गावर खडी पसरलेली असते. मे महिन्यात स्वच्छ दिसणारे हे रस्ते मृगाच्या सरी कोसळल्यावर दोन-तीन आठवड्यांतच हिरवे होतात. अशा वेळी सामान्यतः दोन उपाय सुचविले जातात. पहिला म्हणजे तणनाशकाची फवारणी आणि दुसरा म्हणजे खडी काढून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक बसविणे. पहिल्या उपायाचा संबंध आवारातील माणसांच्या आरोग्याशी आहे, तर दुसऱ्याचा जमिनीत मुरणाऱ्या पाण्याशी. म्हणूनच हा प्रश्न केवळ स्वच्छतेचा मानणे योग्य ठरणार नाही. खडीत तण का उगवते आणि त्याचे नियंत्रण कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खडीत तण का उगवते?
खडीतील तण खालच्या जमिनीतून वर येते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अंशतःच खरा आहे. रस्ता नवीन असताना जुनी मुळे आणि कंद खालून फुटतात. मात्र काही वर्षांनंतर बहुतेक तणे वरून आलेल्या बियांपासून उगवतात. वाऱ्याबरोबर येणारी धूळ, झाडांचा पालापाचोळा, वाहनांच्या चाकांना चिकटलेला चिखल आणि खडीची झीज होऊन तयार झालेली कच हे सर्व दगडांच्या फटींत साचते. पाचोळा कुजल्यावर तेथे मातीचा पातळ थर तयार होतो. वरच्या दगडांमुळे त्या थरातील ओलावा लवकर उडून जात नाही. म्हणजेच तण वस्तुतः खडीत उगवत नाही. ते खडीत साचलेल्या मातीत उगवते. नियंत्रणाच्या सर्व उपायांचे मूल्यमापन या एका कसोटीवर करता येते.

प्रमुख तणे आणि त्यांचे स्वभाव :
नियंत्रणाच्या दृष्टीने या तणांचे दोन गट पडतात.

१) बियांपासून वाढणारी तणे : गाजर गवत, एकदांडी, आघाडा, टाकळा, काटेमाठ इत्यादी. ही तणे कोवळी असताना मुळासकट सहज उपटता येतात. यांपैकी गाजर गवताचा, म्हणजेच पार्थेनियम हिस्टेरोफोरसचा, स्वतंत्र विचार करावा लागतो. मूळच्या अमेरिका खंडातील या वनस्पतीची भारतातील नोंद १९५६ मध्ये पुणे येथील नमुन्यांवरून प्रसिद्ध झाली. एका रोपापासून हजारो बिया तयार होतात आणि उगवल्यापासून साधारणतः चार ते सहा आठवड्यांत फुलोरा येऊ लागतो. ओलावा मिळाल्यास ही वनस्पती वर्षभर उगवते. तिच्या संपर्काने त्वचादाह होतो, तर परागकणांमुळे श्वसनाचे विकार बळावू शकतात.

२) भूमिगत अवयवांपासून वाढणारी तणे : हरळी आणि लव्हाळा. हरळी जमिनीवर पसरणाऱ्या तसेच जमिनीखालील खोडांनी वाढते. तिचा तुटलेला तुकडाही पुन्हा रुजतो. लव्हाळ्याचे कंद साखळीसारखे एकमेकांना जोडलेले असतात. वरचा शेंडा उपटला तरी खालचे कंद जिवंत राहतात व नव्याने फुटतात. म्हणूनच ही तणे 'काढली तरी येतात' असा अनुभव येतो.

रस्त्याची रचना :
तणनियंत्रणाचा पाया रस्ता तयार करतानाच घातला जातो. प्रथम हरळी व लव्हाळा असलेला मातीचा थर खोदून काढावा. त्यावर दगडी सोलिंग व मुरूम पसरून पाणी मारून दबाई करावी. रस्त्याला मध्यापासून कडेकडे उतार द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी साचत नाही व गाळही कमी बसतो. मुरमावर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड अंथरून त्यावर सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा धुतलेल्या खडीचा थर द्यावा. थर फार जाड केल्यास चाके रुततात. नदीतील गोल गोट्यांपेक्षा क्रशरवरील कोनाकृती खडी एकमेकांत चांगली अडकते व कमी हलते.

कापडाऐवजी प्लॅस्टिकचा कागद वापरणे हितावह नाही. त्यावर पाणी तुंबते आणि ते जमिनीत मुरत नाही. जिओटेक्स्टाइलच्याही मर्यादा लक्षात घ्याव्यात. ते मुरूम आणि खडी एकमेकांत मिसळू देत नाही. परंतु कापडावर साचलेल्या मातीत उगवणाऱ्या बियांना ते रोखू शकत नाही. लव्हाळ्याचे टोकदार कोंब तर पातळ कापड भेदूनही वर येतात.

वार्षिक वेळापत्रक :
आपल्याकडील पाऊसमान लक्षात घेता पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

१) एप्रिल-मे : दाताळ्याने खडी ओढून पाचोळा काढावा. फार माती साचलेल्या भागातील खडी चाळून, धुऊन पुन्हा पसरावी. एखादा पट्टा वाहतुकीसाठी बंद ठेवता येत असेल, तर तो ओला करून त्यावर चार ते सहा आठवडे पारदर्शक पॉलिथीन घट्ट अंथरावे. सूर्याच्या उष्णतेने वरच्या थरातील अनेक बिया मरतात. मात्र खोलवरच्या कंदांवर या पद्धतीचा परिणाम मर्यादित असतो.

२) जून-जुलै : पहिल्या पावसानंतर दोन ते तीन आठवड्यांनी, जमीन ओली असताना, रोपे खुरप्याने मुळासकट काढावीत. वर्षातील हे सर्वांत महत्त्वाचे काम होय.

३) ऑगस्ट-सप्टेंबर : उरलेली तणे फुलोऱ्यापूर्वी काढावीत. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या उपक्रमाशी त्याची सांगड घालता येईल.

४) ऑक्टोबरनंतर : कडेच्या झाडांचा पाचोळा दर आठवड्याला उचलावा आणि गाजर गवताची नवी रोपे शोधून काढावीत.

फुलोऱ्यापूर्वी उपटलेल्या गाजर गवताचे कंपोस्ट करता येते. बी धरलेले गवत मात्र खतात घालू नये. रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत टाकळ्याचे बी पेरल्यास पावसाळ्यात तो गाजर गवताशी स्पर्धा करून त्याचा फैलाव कमी करतो. मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये भारतात सोडलेले झायगोग्रामा बायकलरेटा हे भुंगेरेही पावसाळ्यात गाजर गवताची पाने खातात.

ही कामे प्रत्यक्षात आवारातील शिपाई आणि रोजंदारीवरील महिला करतात. त्यांना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व तोंडाला आच्छादन पुरविणे ही संस्थेची जबाबदारी आहे. ज्यांना त्वचेचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांना गाजर गवत उपटण्याचे काम देऊ नये.

रासायनिक व घरगुती उपाय :
ग्लायफोसेट पानांतून शोषले जाऊन मुळांपर्यंत पोहोचते. त्यामुळे हरळी व लव्हाळ्यावर ते परिणामकारक ठरते. मात्र ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि नंतर रुजणाऱ्या बियांना रोखत नाही. साहजिकच फवारणी वारंवार करावी लागते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटचा समावेश 'संभाव्य कर्ककारक' गटात केला, तर युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्याच वर्षी याहून वेगळा निष्कर्ष काढला. भारतात ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. त्यामुळे फवारणीचा विचार करण्यापूर्वी प्रचलित नियम तपासणे आवश्यक आहे. अप्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हाती पंप देणे सर्वथा अनुचित होय.

मिठाचा उपाय स्वस्त वाटतो. परंतु मीठ पावसाबरोबर वाहून कडेच्या झाडांच्या मुळांशी जाते आणि मातीचा पोत बिघडवते. व्हिनेगर केवळ पाने जाळते. उकळते पाणी लहान जागेतील कोवळ्या रोपांपुरते उपयोगी आहे.

पेव्हर ब्लॉक हा पर्याय आहे का?
पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतही धूळ साचते आणि तेथेही तण उगवते. काँक्रीटवर तण उगवत नाही. पण पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. खडीच्या रस्त्यातून किती पाणी मुरेल, हे खालच्या थरांवर आणि खडीच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. फटींत माती व कच भरली की झिरपणे मंदावते. तणाला आधार देणारी माती आणि पाण्याचा मार्ग अडविणारी माती एकच आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

निष्कर्ष :
१) खडीवरील तण हे साचलेल्या मातीचे लक्षण आहे, केवळ तण मारल्याने मूळ कारण दूर होत नाही.
२) उन्हाळ्यातील सफाई व फुलोऱ्यापूर्वीची खुरपणी ही नियंत्रणाची दोन मुख्य साधने होत.
३) हरळी व लव्हाळा यांचा बंदोबस्त रस्ता बांधतानाच करणे श्रेयस्कर ठरते.
४) खडी स्वच्छ ठेवल्यास तण कमी होते व पाणीही मुरते. ज्या आवारात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर मागवावे लागतात, तेथे केवळ तणाला कंटाळून खडीवर काँक्रीट ओतण्याचा निर्णय घेण्यापूर्वी याचा गांभीर्याने विचार व्हावा.