उठून उभे राहताना : रक्तदाब, भ्रम आणि सर्पगंधा

ठाणे, डोंबिवली व कल्याण परिसरात ‘उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते’ ही तक्रार आमच्यासारख्या चिकित्सकांना नित्याची आहे. अशा रुग्णाचा रक्तदाब बहुधा बसलेल्या स्थितीत मोजला जातो. तो प्राकृत वा वाढलेला आढळला की चक्कर पित्ताच्या खाती जमा होते. परंतु बसून घेतलेल्या मोजणीवरून उभ्या माणसाची अवस्था कळत नाही.

मनुष्य उभा राहताच सुमारे ५०० ते ८०० मिलिलिटर रक्त पाय व उदराकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त घटून रक्तदाब उतरू लागतो. मानेतील कॅरोटिड धमनी व महाधमनीची कमान यांतील दाबसंवेदी चेतातंतू ही वार्ता तत्क्षणी मस्तिष्कास देतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. यात व्यानवायूचे कार्य पाहता येते. चरकांनी भ्रमाची गणना ८० वातविकारांत केली आहे, हे येथे स्मरणीय आहे.

कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या गच्च भरलेल्या लोकलमध्ये पोटऱ्या हलविण्यासही जागा नसते; त्यात उकाडा व घाम. अशा वेळी मूर्च्छा आलेल्या प्रवाशास उभे धरून ठेवू नये. त्यास आडवे करून पाय उंच करावेत. तेवढी जागा नसल्यास खाली बसवून डोके गुडघ्यांकडे झुकवावे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न सर्पगंधेचा आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधून उच्च रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला, १९५२ मध्ये तिच्यातील रेसर्पिन वेगळे करण्यात आले. रेसर्पिन चेतातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिता करते. उभे राहताना रक्तवाहिन्या आकुंचन पावण्यास हेच द्रव्य लागते. म्हणजे सर्पगंधेचा गुण आणि धोका यांचे मूळ एकच. शिवाय हा परिणाम औषध थांबविल्यावरही काही दिवस टिकतो. रुग्ण आधीच रक्तदाबाच्या वा मूत्रल गोळ्या, अथवा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असल्यास धोका अधिक वाढतो.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की सर्पगंधा देण्यापूर्वी रुग्णास ५ मिनिटे निजवून रक्तदाब मोजावा. नंतर उभे करून १ व ३ मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरल्यास तो उत्थानजन्य न्यूनरक्तदाब समजावा, सर्पगंधा टाळावी व कारण शोधावे. चालू गोळ्या रुग्णाने परस्पर बंद करू नयेत. त्या देणाऱ्या डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. स्वेदन व विरेचनानंतर रुग्णास एकदम उठवू नये. प्रथम कुशीवर वळवावे, मग बसवावे आणि स्थिर वाटल्यावरच उभे करावे.

औषधालयचालकांनीही सर्पगंधा घनवटी मागणाऱ्यास ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ एवढे अवश्य विचारावे. वृद्धाचे घरात पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे या एका प्रश्नाने टळू शकते.