कोजागिरीचा चंद्र आणि सेसनाचा पंख

गेल्या कोजागिरीची गोष्ट. डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर मसाला दूध आटत होतं, पोरं अंताक्षरीत रमली होती आणि मोठी माणसं आकाशाकडे बघत बसली होती. तेवढ्यात दोन लुकलुकते दिवे समोरासमोरून आले, क्षणभर एक झाले आणि सुटून आपापल्या वाटेनं गेले. ‘अगं बाई, घासून गेली की!’ शेजारच्या काकू म्हणाल्या. काकांनी लगेच मोबाइलवर विमानांचा नकाशा उघडला. त्यात तर दोन विमानं चक्क एकमेकांवर चढलेली. पुरावाच मिळाला म्हणायचा.

पण दोन्ही ठिकाणी डोळ्यांनीच फसवलं होतं. बोइंग ७७७चा लांब प्रकार ७४ मीटरचा आहे, एअरबस ए३२० साधारण त्याच्या निम्म्या लांबीचं. म्हणजे ४,००० फुटांवरचं एअरबस आणि ८,००० फुटांवरचं बोइंग गच्चीवरून जवळपास सारख्याच आकाराची दिसतात आणि आपण त्यांना एकाच उंचीवर नेऊन बसवतो. रात्री तर आकारही नसतो, नुसते दिवे. मोबाइलचा नकाशा त्याहून सपाट. ठाणे ते कल्याण एका पडद्यावर मावत असेल, तर त्यातलं विमानाचं चित्रच जमिनीवरचा किलोमीटरभर भाग झाकतं. चित्रावर बोट ठेवलं की उंचीचा आकडा दिसतो. तेवढं कष्टाचं काम कोणी करत नाही.

नियम असा, की रडारच्या देखरेखीखालच्या दोन विमानांमध्ये वर-खाली १,००० फूट किंवा आडवं साधारण ३ ते ५ सागरी मैल अंतर हवं. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा. वर-खाली हजार फूट अंतर असेल, तर एक विमान दुसऱ्याच्या अगदी डोक्यावरून गेलं तरी ते नियमातच बसतं. तसंच कल्याण-अंबरनाथच्या बाजूला गोल गोल फिरणारं विमान दिसलं की ‘चाकं अडकली वाटतं’ असं म्हणायची घाई नको. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी जवळजवळ एकाच पट्टीवर सगळा भार येतो. जून २०१८ मध्ये तिथे एका दिवसात १,००३ उड्डाणं-अवतरणं झाली होती. इतक्या गर्दीत काहींना वाट बघावी लागते, आणि विमान थांबू शकत नाही म्हणून ते घिरट्या घालतं.

हाच ‘किंवा’ उलटा लावला की बातम्यांचे मथळेही वेगळे दिसू लागतात. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईच्या हवाई हद्दीत एअर इंडियाचं मुंबई-भोपाळ आणि विस्ताराचं दिल्ली-पुणे अशी दोन विमानं धोकादायक जवळ आली. ‘अवघे १०० फूट!’ असे मथळे झळकले. १०० फूट होतं ते उंचीतलं अंतर, एक २७,००० फुटांवर आणि दुसरं २७,१०० वर. आडवं अंतर त्या वेळच्या बातम्यांनुसार २.८ किलोमीटर होतं. म्हणजे पंखाला पंख लागत नव्हता. पण म्हणून ती अफवा होती असंही नाही. त्या उंचीवर दोन प्रवासी विमानं समोरासमोर आली, तर हे २.८ किलोमीटर सहा-सात सेकंदांत संपतात. दोन्ही अंतरं एकाच वेळी तुटली होती, गांभीर्य होतं ते त्यात.

त्या दिवशी दोन्ही विमानांना सावध केलं ते टीकॅस नावाच्या यंत्रानं. इथे दुसरा, जास्त पक्का गैरसमज आडवा येतो, की शेवटचा शब्द टॉवरचा. टीकॅसनं ‘वर जा’ म्हटलं आणि जमिनीवरचा नियंत्रक ‘खाली या’ म्हणाला, तर वैमानिकानं यंत्राचंच ऐकायचं असतं. हा धडा जगाला फार महागात पडला. १ जुलै २००२ रोजी जर्मनीत यूबरलिंगेनवर दोन विमानं आदळली आणि ७१ माणसं गेली. एका विमानानं यंत्राचं ऐकलं होतं, दुसऱ्यानं नियंत्रकाचं. भारतात टीकॅस सक्तीचं झालं तेही अशाच किमतीवर. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले होते.

मग आता सगळ्याच विमानांत ते यंत्र असेल, असं आपण धरून चालतो. नसतं. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे ही सक्ती ५,७०० किलोंपेक्षा जड किंवा १९हून अधिक प्रवासी नेणाऱ्या टर्बाइन इंजिनाच्या विमानांना आहे. आपल्याकडची मुलं बारामतीला, धुळ्याला ज्या सेसनावर उड्डाण शिकतात, तिचं वजन जेमतेम टनभर. शिवाय टीकॅसला दिसतं ते फक्त ट्रान्सपाँडर, म्हणजे विमानातलं संकेत देणारं यंत्र, चालू असलेलं विमान. ज्याचा ट्रान्सपाँडर बंद, ते त्याच्या लेखी आकाशात नाहीच.

नियंत्रक सगळ्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो, हेही अर्धसत्य. भारतात हवाई हद्दीचे डी, ई, एफ आणि जी असे वर्ग आहेत. मोठ्या विमानतळाभोवती डी वर्ग असतो, आणि तिथेसुद्धा नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या दोन छोट्या विमानांमध्ये अंतर राखून देणं हे नियंत्रकाचं काम नाही. तो सांगतो, ‘तुझ्या उजवीकडे एक विमान आहे.’ पुढे शोधायचं वैमानिकानं. लहान धावपट्टीवर तर रडारही नसतं. तिथे सर्किटमध्ये, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्यात, फिरणारा प्रत्येक जण रेडिओवर ‘डाउनविंड’, ‘फायनल’ असं आपलं ठिकाण ओरडत राहतो आणि बाकीचे कान देऊन ऐकतात.

राहता राहिले डोळे. दोन सेसना समोरासमोर, प्रत्येकी १०० नॉटनं, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरनं येत आहेत असं धरा. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचा एक जुना हिशोब आहे, की समोरचं विमान दिसण्यापासून आपलं विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत १२.५ सेकंद जातात. त्यातले तब्बल पाच सेकंद ‘हे आपल्यावरच येतंय’ एवढं कळायलाच लागतात, आणि आणखी चार काय करावं ते ठरवायला. तेवढ्यात दोघी मिळून जवळजवळ १,३०० मीटर कापतात. म्हणजे वाचायचं असेल तर ती सव्वा किलोमीटरवरच दिसायला हवी. तिथून ११ मीटरचा तिचा पंख केवढा दिसेल? पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा. पण चंद्रासारखा भरीव नाही, नुसती एक बारीक रेघ, मागे धुरकट आकाश किंवा गावाची छपरं.

त्यात आणखी एक फसवणूक. आपली नजर हलणारी वस्तू चटकन पकडते. पण टकरीच्या मार्गावर असलेलं विमान काचेवर हलतच नाही. एकाच जागी ठिपका बनून राहतं आणि शेवटच्या काही क्षणांत एकदम फुगतं. शिळफाट्याला आडव्या रस्त्यानं येणारा ट्रक काचेच्या एकाच कोपऱ्यात चिकटून राहिला, तर तो आपल्यालाच गाठणार असतो. तसंच हे.

म्हणूनच ‘धुकं असेल तर टक्कर होते’ हेही खरं नाही. छोट्या विमानांच्या टकरी बहुतेक स्वच्छ हवेत, दिवसा आणि धावपट्टीच्या आसपास होतात, कारण मोकळ्या हवेतच सगळे उडतात आणि एकाच जागी उतरायला येतात. आपल्या शेजारी गोव्यात १ ऑक्टोबर २००२ रोजी नौदलाची दोन आयएल-३८ विमानं दाबोळीजवळ आदळली. ती अनोळखी नव्हती, स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवासाठी सोबतच उडत होती. दोन्ही विमानांतले बाराही जण गेले.

मुंबईला याचा विचार करावाच लागतो, कारण जुहूचा विमानतळ आहे. मोठ्या विमानतळाला खेटूनच तिथून हेलिकॉप्टरं समुद्रातल्या तेलफलाटांकडे जातात. दोन्ही जागा इतक्या जवळ की १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूलाच उतरलं होतं. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झाला आहे, सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास. मोठी विमानं आणि हेलिकॉप्टरं यांच्या वाटा उंचीनं वेगळ्या ठेवल्या की झालं, असं वाटतं. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्येही वाटा तशा वेगळ्याच होत्या. तिथे हेलिकॉप्टरला २०० फुटांची मर्यादा होती, टक्कर झाली ३०० फुटांच्या आसपास, आणि ६७ जण गेले. हेलिकॉप्टरमधून टॉवरला त्याआधीच सांगितलं गेलं होतं, की विमान दिसतंय, अंतर आम्ही राखतो.

जाता जाता कल्याणकरांसाठी. नेवाळीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी बांधली, तिच्या जमिनीवरून जून २०१७ मध्ये आंदोलनही पेटलं. पण तिथून आज कोणतंही विमान सुटत नाही. रात्री मलंगगडावर दिसणारे दिवे तिथले नव्हेत.

आणि काकूंसाठी एक खूण सांगितली. प्रत्येक विमानाच्या डाव्या पंखावर लाल दिवा असतो, उजव्यावर हिरवा. दोन दिवे जवळ येऊन सरकत राहिले, तर खुशाल दूध प्यावं. पण उजवीकडे लाल, डावीकडे हिरवा असे दोन्ही एकदम दिसले आणि जागचे हलेनात, तर ते विमान आपल्याकडे तोंड करून येतंय. काकूंनी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ एका ताऱ्याकडे टक लावून पाहत बसल्या.