तळपायांकडे पाहणार कोण?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील मधुमेहाची जी विस्तृत पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०२३ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाले. २००८ ते २०२० या काळात १ लाख १३ हजारांहून अधिक प्रौढ स्त्री-पुरुषांची तपासणी करून हे आकडे काढण्यात आले. देशात १० कोटी १० लाख मधुमेही, म्हणजे प्रौढांत ११.४ टक्के, असा त्यांचा एकूण अंदाज. राज्यवार यादीत पहिला क्रमांक आपल्या गोव्याचा. येथे हे प्रमाण २६.४ टक्के निघाले. पुदुच्चेरी आणि केरळ आपल्या मागे आहेत. साक्षरतेत किंवा दरडोई उत्पन्नात गोवा पुढे असला की आपण त्याचा उच्चार अभिमानाने करतो. या पहिल्या क्रमांकाचे काय करायचे, हे मात्र आपण अजून ठरवलेले दिसत नाही. चार प्रौढांतील एकास जो विकार जडला आहे, त्यास आता कोणाचा खाजगी आजार म्हणता येणार नाही.

या विकारावर औषध नाही, अशी स्थिती नाही. १९२१ साली टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी ते रुग्णास टोचण्यात आले. मेटफॉर्मिनची गोळी आज कोणत्याही फार्मसीत थोडक्या पैशांत मिळते. उणीव आहे ती शिकवण्याची. न्यूमोनिया झाला तर डॉक्टर बरा करतात आणि रोगी घरी जातो. मधुमेहाचे तसे नाही. वर्षाच्या ८,७६० तासांपैकी डॉक्टरांच्या समोर रुग्णाचे दोन-तीन तासही जात नाहीत. उरलेल्या सर्व वेळी काय खावे, किती चालावे, गोळी कधी घ्यावी आणि कधी घेऊ नये, याचा निर्णय त्याचा त्यालाच करावा लागतो. बोस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन यांनी ही गोष्ट इन्सुलिनच्या शोधाआधीच ओळखली होती. १९१८ साली त्यांनी मधुमेहावर जे छोटेखानी पुस्तक काढले, ते डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून वापरावे म्हणून. एकच पुस्तक दोघांच्या हाती देण्यातले शहाणपण शंभर वर्षांनंतरही आपल्या दवाखान्यांत पुरते उतरलेले नाही.

आपल्याकडे 'गोडेंमूत' म्हणून पूर्वापार ठाऊक असलेल्या या रोगाच्या रुग्णास बहुधा तीन वाक्ये ऐकवली जातात: गोड बंद, भात कमी, रोज चाला. मग तो बिनसाखरेचा चहा पितो आणि दुपारी शीतकडीची तीन वाढपे घेतो. कारण भात 'कमी' म्हणजे किती, हे त्याला कोणी ताटात वाढून दाखवलेले नसते. सकाळची पेज हलकी, म्हणून तीत साखर नसणार, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. चतुर्थीला नेवरी खावी की नाही, हे विचारण्याचा त्याला संकोच वाटतो आणि डॉक्टरांना सांगण्यास सवड नसते.

याहून धोक्याची गोष्ट उपवासाची. मधुमेहाच्या काही गोळ्या अशा असतात, की पोटात अन्न असो वा नसो, त्या रक्तातील साखर उतरवीतच राहतात. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड ही त्यांतली नेहमीची नावे. एकादशीच्या दिवशी निराहार राहून अशी गोळी श्रद्धेने वेळेवर घेणारी वृद्ध माऊली दुपारी घामाघूम होते, हात थरथरतात, बोलणे अडखळते. घरची माणसे त्यास उपवासाचा थकवा समजतात आणि तिला पडून राहण्यास सांगतात. त्या घटकेला दोन चमचे साखर तोंडात गेली तर ती सावरते; न गेली तर शुद्ध हरपू शकते. मधुमेह्याला साखर हे विष, एवढेच ज्या घराला शिकवले गेले, ते घर त्या वेळी साखरेच्या डब्याला हात लावील काय? उपवास सोडा, असा उपदेश करण्याचे येथे कारण नाही. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारून गोळी बदलून वा कमी करून घ्यावी आणि लक्षणे दिसताच साखर द्यावी, एवढे घरातल्या प्रत्येकास माहीत असावे.

सर्वांत उपेक्षित राहतो तो तळपाय. सुश्रुतसंहितेत निर्धन प्रमेह्यास सांगितले आहे की, त्याने पादत्राण आणि छत्री टाकून भिक्षेवर राहावे आणि शंभर योजने वा अधिक चालावे. चालण्याचा हा सल्ला आजही कोणी नाकारणार नाही. पादत्राण टाकण्याचा सल्ला मात्र आज घातक ठरेल. दीर्घकाळ साखर वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंची संवेदना मंदावते, हे आता आपणास ठाऊक आहे. खिळा रुतला तरी कळत नाही. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या फरशीवरून देवळाची प्रदक्षिणा घालणाऱ्या भक्ताच्या तळव्यास फोड येतो आणि तो त्याला रात्री पाय धुताना दिसतो, तोही दिसला तर. शेतात अनवाणी उतरणाऱ्याची हीच कथा. जखम चिघळते, रक्तपुरवठा आधीच अपुरा असतो, आणि पुढची गोष्ट शल्यविशारदाच्या टेबलावर संपते.

हे ओळखण्याचे साधन म्हणजे दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा एक तंतू. तो तळव्याला टेकवून 'कळते का?' असे विचारायचे. काम काही मिनिटांचे, खर्च नगण्य, आणि परिचारिकाही ते करू शकते. वर्षातून एकदा ही तपासणी व्हावी. तशीच डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील प्रथिनांची. आमच्या वाचकांत जे मधुमेही आहेत, त्यांनी स्वतःलाच विचारावे: डॉक्टरांनी आपणास चपला काढायला शेवटचे कधी सांगितले?

यात डॉक्टरांना दोषी धरून मोकळे होण्याचा आमचा हेतू नाही. आरोग्य केंद्रात सकाळपासून रांग लावून उभ्या असलेल्या गर्दीसमोर कोणता डॉक्टर प्रत्येकाचे तळवे पाहील? पण प्रश्न केवळ सवडीचा नाही. ज्याने १९९० साली पदवी घेतली, त्याच्या विद्यार्थिदशेनंतर हे शास्त्र पार बदलले. साखर काबूत ठेवल्याने डोळे आणि मूत्रपिंड यांची हानी घटते, याचा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाबाबतचा निर्णायक पुरावा ब्रिटनमधील प्रदीर्घ अभ्यासाने १९९८ साली दिला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मान्य केली. मधुमेहाचे औषध हृदयरोग्याचे प्राणही वाचवू शकते, हे २०१५ साली दिसून आले. हे सारे डॉक्टरांनी कुठे शिकावे?

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत पाच वर्षांतून किमान ३० तास असे शिक्षण घ्यावे, असे म्हटले आहे. वर्षाला सहा तास! २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम निघाले आणि त्याच महिन्यात ते स्थगित झाले. हे सहा तासही बहुधा भरतात ते औषध कंपन्यांच्या आश्रयाने, पंचतारांकित हॉटेलच्या दिवाणखान्यात. कंपन्यांकडून भेटी आणि प्रवासखर्च घेण्यास डॉक्टरांना २००९ पासून बंदी आहे. २०२४ च्या आचारसंहितेने कंपन्यांना परदेशात असे वर्ग भरवण्यास मनाई केली. बंदी आणि आचार यांतील अंतर आपल्या देशात किती असते, हे आम्ही सांगावयास नको. शिवाय, कंपनी शिकवील ते तिच्या गोळीविषयी. नायलॉनच्या तंतूचा विक्रेता कोणाला मेजवानी देत नाही, म्हणून तळपायावर व्याख्यानही होत नाही.

नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांची वागणूक फारशी बदलत नाही, हे तर १९९५ सालीच कॅनडातील अभ्यासकांनी शंभराच्या घरातले प्रयोग ताडून दाखवले आहे. उपयोग होतो तो दवाखान्यात जाऊन शिकवण्याचा, वेळच्या वेळी आठवण देण्याचा आणि रुग्णालाच प्रश्न विचारण्यास शिकवण्याचा. रुग्णशिक्षणाचेही तसेच. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दिसले की, शिक्षण मिळताच एचबीए१सी सरासरी पाऊण टक्क्याने उतरते, पण काही महिन्यांतच त्यातला मोठा भाग ओसरतो. मधुमेह दिनाचा १४ नोव्हेंबरचा मेळावा नोव्हेंबरातच विसरला जातो, त्याचे कारण हे.

१८४२ साली पणजीत ज्या वैद्यकीय शाळेची स्थापना झाली, तिचा वारसा सांगणारे गोमेकॉ आज बांबोळीला आहे. बारा तालुक्यांच्या या लहानशा राज्यात त्याच्या अध्यापकांनी महिन्यातून एकदा एकेका आरोग्य केंद्रात जाऊन तेथल्या डॉक्टर-परिचारिकांसह खरे रुग्ण तपासावेत, हे अशक्य आहे काय? खाजगी डॉक्टरांनाही तेथे बोलवावे आणि खर्च सरकारने सोसावा. परिचारिकांना तंतूची परीक्षा शिकवावी. पेज, शीत आणि उपवास यांविषयीची पत्रके कोकणीत आणि मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावीत. देवस्थान समित्यांनी उन्हाळ्यात प्रदक्षिणेच्या वाटेवर काथ्याची चटई अंथरावी आणि मधुमेह्यांना जाड सुती मोजे घालून प्रदक्षिणा करू द्यावी. यात कोणत्या परंपरेस बाध येतो, असे आम्हांस वाटत नाही. आणि सरकारी दवाखान्यांतील केसपेपरावर नाव, वय, वजन, साखर यांच्या जोडीला 'तळपाय' असा एक रकाना आरोग्य खात्याने छापावा. त्यास नवा कायदा लागत नाही, वेगळी तरतूदही लागत नाही. केसपेपर पुढच्या खेपेस छापखान्यात जाईल तेव्हा एक ओळ वाढवावी लागेल, इतकेच.