भिंतीवरचे चित्र : घरगुती प्रोजेक्टरची मांडणी व उपयोग

‘प्रक्षेपक’ हा शब्द ‘क्षिप्’ म्हणजे फेकणे या धातूपासून सिद्ध झाला आहे. ‘प्रोजेक्टर’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थही फेकणे असाच आहे. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात. हे यंत्र चित्र दाखवीत नसून प्रकाश फेकते. चित्र तयार होते ते समोरच्या भिंतीवर. दूरचित्रवाणी संचाला खोलीची फारशी अपेक्षा नसते. प्रोजेक्टरच्या बाबतीत मात्र भिंत, अंतर, काळोख आणि आवाज ही सारी यंत्राचीच अंगे ठरतात. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळेच बहुतेक घरांत पहिल्या दिवशी निराशा पदरी येते.

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर टाकून ते कथा सांगत. ‘शांबरी’ म्हणजे शंबरासुराची माया. पडद्यावर दिसते पण हाती लागत नाही, अशा वस्तूला याहून समर्पक विशेषण सापडणे कठीण. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. आज तेच तत्त्व वसई-विरारच्या घराघरांत पोचले आहे. नालासोपारा-विरारच्या इमारतींतील लहान दिवाणखाने आणि वसईच्या वाड्यांतील कौलारू घरांच्या पडव्या, अशा दोन्ही ठिकाणी लोक चित्रपट पाहतात, क्रिकेटचे सामने पाहतात आणि लग्नसमारंभाच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या चित्रफिती पाहतात. यांपैकी शेवटच्या उपयोगाचे महत्त्व विशेष आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. यंत्रापासून भिंतीपर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी, या गुणोत्तराला ‘फेक-प्रमाण’ म्हणता येईल. यंत्राच्या माहितीपत्रकात ते दिलेले असते. खोलीची लांबी ३ मीटर धरली, तर यंत्राची जागा आणि त्यामागे हवा खेळण्यासाठी सोडावयाची जागा वजा जाता सुमारे २.६ मीटर उरतात. फेक-प्रमाण १.२ असेल तर या अंतरातून २.१७ मीटर रुंदीचे, म्हणजे कर्णाने सुमारे ९८ इंचांचे चित्र मिळते. तेच प्रमाण १.५ असेल तर रुंदी १.७३ मीटर आणि कर्ण सुमारे ७८ इंच इतकाच राहतो. म्हणून यंत्र विकत घेण्यापूर्वी खोली मोजावी.

चित्र मोठे केले की ते फिके होते. रुंदी दुप्पट केल्यास क्षेत्रफळ चौपट होते आणि तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. १०० इंची चित्राचे क्षेत्रफळ सुमारे २.७५ चौरस मीटर भरते. १००० ल्युमेन प्रकाश त्यावर टाकल्यास प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३६० लक्स मिळतात. डिजिटल चित्रगृहांसाठी पडद्याच्या तेजाचे मान दर चौरस मीटरला ४८ कँडेला ठरविण्यात आले आहे. साध्या शुभ्र पृष्ठावर तेवढे तेज आणण्यास, पूर्ण काळोख असल्यास, सुमारे ४१५ ल्युमेन पुरतात. चुन्याची किंवा रंगाची भिंत थोडा प्रकाश शोषून घेते, म्हणून काही अधिक धरावेत, इतकेच. खोक्यावर छापलेल्या मोठमोठ्या आकड्यांना भुलण्याचे कारण नाही. आकड्यामागे मोजणीची पद्धत दिली आहे की नाही, हे पाहावे. अँसी पद्धतीत पडद्यावरील नऊ ठिकाणी प्रकाश मोजून त्याची सरासरी काढतात. अशी पद्धत न सांगणारा आकडा तुलनेस निरुपयोगी होय.

येथे एक मूलभूत गोष्ट सांगणे आवश्यक आहे. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावरील ‘काळे’ म्हणजे प्रकाश न टाकलेली भिंत. ती खोलीत जितकी उजळ दिसेल तितकेच चित्रातील काळे उजळ दिसणार. वरील उदाहरणात खोलीतील इतर प्रकाशाचे २० लक्स भिंतीवर पडत असतील, तर पांढरा भाग ३८० आणि काळा भाग २० लक्सचा होतो; म्हणजे दोहोंचे प्रमाण १९ पट इतकेच राहते. तोच प्रकाश २ लक्सवर आणल्यास हे प्रमाण १८१ पट होते. यंत्र तेच, भिंत तीच. फरक पडला तो पडद्यांनी. पश्चिमेकडे खिडक्या असलेल्या घरांत ही अडचण अधिक जाणवते, कारण उन्हाळ्यात येथे सूर्यास्त सातनंतर होतो आणि संधिप्रकाश त्यानंतरही काही काळ रेंगाळतो. जाड पडदे लावणे किंवा खेळ उशिरा सुरू करणे, हे महागडे यंत्र घेण्यापेक्षा अधिक फलदायी ठरते.

यानंतर यंत्राची पातळी. यंत्र खाली ठेवून तोंड वर उचलले की प्रकाशाला चित्राच्या वरच्या कडेपर्यंत अधिक अंतर कापावे लागते. त्यामुळे ती कड रुंद होते आणि आयताचा समलंब चौकोन बनतो. यंत्रातील दुरुस्तीची कळ दाबली की चित्र पुन्हा आयताकार दिसते, परंतु ही दुरुस्ती फुकट होत नाही. वरची कड २० टक्क्यांनी आक्रसावी लागली, तर त्या ओळीत १९२० बिंदूंऐवजी १५३६ च बिंदू उपयोगात येतात. परिणामी बारीक अक्षरे, विशेषतः देवनागरीतील मात्रा व अनुस्वार, पुसट होतात. यास्तव यंत्र सपाट आणि भिंतीशी काटकोनात ठेवावे. पुष्कळ यंत्रांची रचनाच अशी असते की भिंग चित्राच्या खालच्या कडेच्या पातळीवर असले म्हणजे चित्र सरळ पडते. छताला टांगताना यंत्र उलटे बसवून सूचीतून चित्रही उलटवून घ्यावे. ते टांगण्यासाठी कच्च्या गिलाव्यावर विसंबू नये. खिळपट्टी स्लॅबमध्येच घट्ट बसवावी.

बसण्याची जागाही हिशोबाने ठरते. १०० इंची चित्रात १९२० बिंदू असतील, तर प्रत्येक बिंदू सुमारे १.१५ मिलिमीटर रुंद असतो. निरोगी डोळ्याची भेदक्षमता अंशाचा साठावा भाग धरल्यास, सुमारे ४ मीटरपलीकडून हे बिंदू वेगळे दिसत नाहीत. त्याहून बरेच जवळ बसणाऱ्यांनाच अधिक सूक्ष्म चित्राच्या यंत्राचा खरा लाभ होतो.

पावसाळा संपल्यावर अंगणात खेळ लावण्याची हौस अनेकांना असते. तेव्हा पांढरी चादर टांगतात. परंतु तिच्यातून बराच प्रकाश आरपार निघून जातो. मागे काळे कापड लावल्यास चादरीमागच्या दिव्यांचा उपद्रव टळतो. चादर चारही बाजूंनी ताणून बांधावी. वाऱ्याने ती हलली की चित्राचा नेमका बिंदू साधत नाही. समुद्रकाठच्या दमट, खारट हवेत भिंगावर बुरशी धरण्याचा संभव असतो. पावसाळ्यात यंत्र न वापरता महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवावे आणि एरवी सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावे. जुन्या पाऱ्याच्या दिव्याची यंत्रे बंद केल्यावर आतील पंखा थांबेपर्यंत वीज तोडू नये. वीज वारंवार जात असल्यास अशा यंत्राला यूपीएस जोडणे श्रेयस्कर. चालू यंत्राच्या भिंगात मुलांना डोकावू देऊ नये.

आता आवाजाविषयी. याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि भाषेच्या अभ्यासाशी या विषयाचा संबंध येतो तो येथेच. चित्र आणि ध्वनी यांची वेळ जुळली नाही तर मनुष्य केवळ अस्वस्थ होत नाही. त्याला शब्दच वेगळे ऐकू येण्याचा संभव असतो. १९७६ मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी दाखवून दिले की ‘ग’ उच्चारणाऱ्या ओठांच्या चित्रावर ‘ब’ हा ध्वनी बसविल्यास प्रौढ श्रोत्यांना बहुधा ‘द’ ऐकू येतो. कान एकटे ऐकत नाहीत, डोळेही ऐकतात. ध्वनी चित्राच्या पुढे सुमारे ४५ किंवा मागे सुमारे १२५ सहस्रांश सेकंद गेला की तफावत जाणवू लागते. ध्वनी पुढे गेलेला लवकर खटकतो, कारण निसर्गात तो दृश्याच्या आधी कधीच पोचत नाही. बिनतारी स्पीकरमुळे १०० सहस्रांश सेकंदांहून अधिक विलंब सहज होतो. म्हणून शक्य तेथे स्पीकर तारेने जोडावा.

जुळणी तपासण्यास उपकरण लागत नाही. बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहावे. प, ब, म या ओष्ठ्य वर्णांच्या वेळी ओठ पूर्ण मिटतात आणि ते उघडतानाच प किंवा ब ऐकू आला पाहिजे. ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापड’ असे शब्द असलेला संवाद या परीक्षेस उत्तम. ध्वनी मागे-पुढे वाटल्यास सूचीतील ध्वनी-विलंबाचे मान थोडेथोडे बदलून पाहावे. स्पीकर प्रेक्षकांच्या मागे न ठेवता पडद्याखाली ठेवावा. यंत्राचा पंखा श्रोत्यांपासून दूर असावा. ‘क’ आणि ‘ख’ यांतील भेद श्वासाच्या एका क्षीण झोताने होतो. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील दोन ‘च’ केवळ घर्षणाच्या स्वरूपाने ओळखू येतात. पंख्याची घरघर आणि फरशीवरून परतणारा प्रतिध्वनी हे भेद प्रथम गिळतात. जाड पडदे व सतरंजी यांनी प्रकाशाबरोबर प्रतिध्वनीही आवरतो.

या बारकाव्यांचे मोल वसईत अधिक आहे. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात वाडवळ, फुडगी, सामवेदी या येथील बोलींची नोंद आहे. कादोडी या नावानेही ओळखली जाणारी सामवेदी बोली वसईतील सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती हे दोन्ही समाज बोलत आले आहेत. अशा बोलींचे पुष्कळसे धन लिखित नाही. ते लग्नगीतांत, म्हणींत आणि वृद्धांच्या बोलण्यात आहे. आजीचे गाणे कोणी भ्रमणध्वनीवर टिपून ठेवले असेल, तर ते घरातल्या भिंतीवर सर्वांनी मिळून पाहणे हा त्या बोलीच्या शिक्षणाचाच एक प्रसंग असतो. ज्या नातवंडांना ती बोली अर्धीमुर्धी कळते, त्यांना ओठांच्या हालचालीचा आधार सर्वांत अधिक लागतो. आणि जुळणी चुकली तर सर्वांत अधिक नुकसानही त्यांचेच होते. मूळ टिपण मात्र प्रोजेक्टरवर अवलंबून ठेवू नये. त्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी जपाव्यात आणि प्रत्येकीवर बोलणाऱ्याचे नाव, गाव व तारीख लिहावी.

तात्पर्य, खोली मोजून यंत्र निवडावे, ते सपाट ठेवावे, काळोख करावा आणि शेवटी ओठांवरून आवाज जुळवून घ्यावा. यास अर्धा तास पुरतो. त्यानंतर दिवे मालवावेत आणि चित्रातील माणसाला बोलू द्यावे.