गिटारचा आवाज आणि मिडीचे आकडे

गणपतीतली एक संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही. एका सोसायटीच्या उत्सवात आमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. सोसायटीतल्याच एक निवृत्त शिक्षिका त्यात एक भावगीत गाणार होत्या. वय सत्तरीच्या पुढे आणि मंचावर माईकसमोर उभं राहायची पहिलीच वेळ. महिनाभर त्या नेमानं तालमीला येत होत्या. गाण्याची सुरुवात माझ्या गिटारच्या संथ सुरावटीनं व्हायची, मग बासरीचा छोटा तुकडा आणि त्यानंतर बाईंचा आवाज.

मी सुरुवात केली. आमच्या कीबोर्डवाल्या मुलानं बासरीचा टोन लावायला बटण दाबलं आणि त्याच क्षणी माझ्या गिटारमधून फाटका, कर्कश, रॉकच्या कार्यक्रमात शोभेल असा आवाज मंडपभर घुमला. बाई दचकल्या. पुढच्या रांगेतली पोरं खो खो हसली. आम्ही गाणं पुन्हा सुरू केलं खरं, पण बाईंचा आवाज शेवटपर्यंत थरथरत राहिला.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या मुलावर उखडलो. तो म्हणाला, ‘‘दादा, मी फक्त बासरी लावली. तुमच्या पेटीला मी हातसुद्धा लावला नाही.’’ तो खरंच बोलत होता. चूक माझी होती. त्याच दिवशी दुपारी मी मोठ्या हौसेनं त्याचा कीबोर्ड आणि माझी पेटी एका केबलनं जोडली होती. त्या केबलमध्ये नेमकं काय घडलं, ते मला पुढच्या काही दिवसांत समजलं. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी ही पेटी म्हणजे काय ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज तसा साधा असतो. त्याला घुमारा द्यायचा, प्रतिध्वनी द्यायचा, फाटकेपणा आणायचा, तर पूर्वी प्रत्येक कामासाठी वेगळं पेडल लागायचं. एक गाणं संपून दुसरं सुरू होताना पायानं तीन पेडलं बंद करायची, दोन चालू करायची आणि वर वाकून बटणंही फिरवायची. डिजिटल इफेक्ट्स प्रोसेसर आला आणि ही सगळी पेडलं एका पेटीत गेली. शिवाय पेटी ही सगळी मांडणी लक्षात ठेवू लागली. कोणता इफेक्ट चालू, कोणता बंद, कोणता किती, हे सगळं एका क्रमांकाखाली साठवून ठेवायचं. त्याला म्हणतात प्रिसेट. माझ्या पेटीत दर बँकेत चार प्रिसेट, अशा बँकांमागून बँका. पायानं बँक बदलायची, मग त्यातला प्रिसेट निवडायचा.

पण पंचवीस-तीस गाण्यांच्या कार्यक्रमात अंधारात पायानं बँक शोधणं सोपं नसतं. म्हणून मला वाटलं, कीबोर्डवाला दर गाण्याला आपली मांडणी बदलतोच, त्याच बटणानं माझाही प्रिसेट बदलला तर? हे काम करतं ते मिडी.

मिडी म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस. १९८०च्या सुमारास प्रत्येक कंपनीची इलेक्ट्रॉनिक वाद्यं आपापलीच भाषा बोलत. एकाचं वाद्य दुसऱ्याच्या वाद्याला जोडता येत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, इतर कंपन्याही आल्या आणि जानेवारी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका केबलनं एकमेकांशी बोलले. ही भाषा वापरायला कोणाला परवाना शुल्क द्यावं लागलं नाही, त्यामुळे ती झपाट्यानं पसरली. २०१३ मध्ये या दोघांना त्याबद्दल टेक्निकल ग्रॅमी मिळालं. २०२० मध्ये मिडीची दुसरी आवृत्ती जाहीर झाली, तरी मंचावरची बहुतेक कामं आजही १९८३च्याच भाषेत चालतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही. जातात फक्त आकडे. जुन्या टेपरेकॉर्डरच्या मागे पाच टाचण्यांची गोल पिन असायची, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तसलीच ही पिन. एका यंत्राच्या ‘आउट’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये जायचं. ‘इन’च्या आत तर तारेचा थेट जोडही नसतो. एक बारीक दिवा लुकलुकतो आणि समोरचा प्रकाशग्राही भाग तो वाचतो. त्यामुळे मंडपातल्या जनरेटरची घरघर या केबलमार्गे एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत नाही. केबल मात्र १५ मीटरच्या आत ठेवायची.

प्रिसेट बदलायची आज्ञा म्हणजे ‘प्रोग्राम चेंज’. ती दोनच आकड्यांची चिठ्ठी असते. पहिल्या आकड्यात लिहिलेलं असतं, ‘प्रिसेट बदला’ आणि ‘कोणत्या चॅनलवाल्यानं’. दुसऱ्यात प्रिसेटचा क्रमांक. चॅनल एकूण १६. सोळा खोल्यांची चाळ आहे असं समजा. चिठ्ठी सगळ्यांच्या दारावरून जाते, पण ज्याच्या खोलीचा नंबर असेल त्यानंच ती उघडायची. माझी पेटी मात्र त्या दिवशी ‘ओम्नी’ अवस्थेत होती. ओम्नी म्हणजे कोणाचीही चिठ्ठी आली तरी आपलीच समजायची!

बासरीचा क्रमांक वाद्यांच्या प्रमाणित यादीत, म्हणजे जनरल मिडीत, ७४ आहे. त्या मुलाच्या कीबोर्डवरही तोच होता. त्यानं बासरी लावली, कीबोर्डनं नेहमीप्रमाणे ‘७४ लावा’ अशी चिठ्ठी बाहेर धाडली आणि माझ्या पेटीनं ती उघडून ७४वा प्रिसेट लावला. चार-चारच्या हिशेबानं तो एकोणिसाव्या बँकेतला दुसरा. तिथे पेटीबरोबर आलेला, मी कधी न ऐकलेला तो कर्कश आवाज बसला होता. दोन्ही यंत्रं अगदी शहाण्यासारखी वागली होती. चिठ्ठी कोणाची, एवढंच मी ठरवून दिलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी होती. पेटीचं ओम्नी बंद केलं आणि तिला ५ नंबरचं चॅनल दिलं. कीबोर्डचे स्वतःचे टोन १ नंबरवर राहिले. मग कीबोर्डच्या प्रत्येक गाण्याच्या मांडणीत ‘५ नंबरवर अमुक क्रमांक पाठव’ अशी नोंद केली. पेटीतही एक तक्ता असतो. अमका क्रमांक आला की तमका प्रिसेट. तोही गाण्यांच्या क्रमानं भरला.

पुढच्या तालमीत नवीनच गंमत. प्रत्येक गाण्याला माझा आवाज आधीच्या गाण्याचा येऊ लागला! पाचव्याला चौथ्याचा, सहाव्याला पाचव्याचा. आपल्याकडे इमारतीत तळमजला धरून मग पहिला मजला मोजतात. अमेरिकेत आणि जपानात तळमजल्यालाच पहिला म्हणतात. ‘पाचव्या मजल्यावर भेटू’ असं ठरवलेले दोघं मग वेगवेगळ्या मजल्यांवर उभे राहतात. मिडीच्या तारेतून ० ते १२७ असे आकडे जातात. काही यंत्रं पडद्यावर तसेच दाखवतात, काही माणसांच्या सोयीसाठी १ ते १२८ दाखवतात. कीबोर्डवर ५ लिहिलं की तारेतून जात होता ४ आणि माझ्या पेटीचा तक्ता शून्यापासून मोजणारा होता. तक्ता एकेक घर वर सरकवला आणि काम झालं.

हे आकडे १२८च. पेटीत त्याहून जास्त प्रिसेट असतील तर? त्यासाठी आधी ‘बँक सिलेक्ट’ पाठवायचं, म्हणजे ० आणि ३२ क्रमांकाच्या कंट्रोलर-आज्ञा. त्यांच्यामागून प्रोग्राम चेंज. क्रम उलटा झाला तर प्रिसेट जुन्याच बँकेतला लागतो.

कंट्रोलर-आज्ञा, म्हणजे ‘कंट्रोल चेंज’, हा दुसरा उपयोगी प्रकार. यात आकडे तीन असतात: चॅनल, कोणती कळ आणि ती किती. ‘किती’ पुन्हा ० ते १२७. ७ क्रमांक आवाजाच्या पातळीचा, ११ क्रमांक एक्स्प्रेशनचा. एखादा इफेक्ट चालू-बंद करायला कळ जोडली असेल तर बहुतेक पेट्या ६३ पर्यंत ‘बंद’ आणि ६४ पासून ‘चालू’ समजतात.

हे का लागतं? गाण्याच्या मध्येच प्रिसेट बदलला तर पुष्कळ पेट्यांमध्ये क्षणभर आवाज तुटतो आणि प्रतिध्वनीची शेपूट कापली जाते. लोक मिडीला दोष देतात. पण हिशेब करून पाहा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट आणि प्रत्येक आकड्याला लागतात १० बिट. दोन आकड्यांची चिठ्ठी एका मिलिसेकंदाच्या आत पोचते. वेळ लागतो तो पेटीला जुनी मांडणी आवरून नवी लावायला. म्हणून गाणं बदलताना प्रिसेट बदलावा आणि गाण्याच्या आत एखादाच इफेक्ट कंट्रोल चेंजनं चालू-बंद करावा.

ज्यांना हे सुरू करायचंय त्यांना आणखी दोन गोष्टी सांगतो. कीबोर्ड आणि पायाचा मिडी कंट्रोलर अशी दोन यंत्रं एकाच ‘इन’मध्ये साधी दुहेरी केबल जोडून घालू नका. चिठ्ठ्या एकमेकींत मिसळून वाचेनाशा होतात. त्यासाठी मर्ज करणारी वेगळी डबी मिळते. आणि नव्या पेडलांवर यूएसबीचं तोंड असलं, तरी दोन पेडलं यूएसबीनं थेट जोडून बहुधा काही होत नाही. दोघंही पाहुणे असतात. मध्ये संगणकासारखा यजमान लागतो.

आता कार्यक्रमापूर्वी आमचा एक नेम आहे. साउंड चेक झाला की कीबोर्डवाला सगळी गाणी ओळीनं एकेकदा लावतो, मी प्रत्येकावर एकच तार छेडून आवाज ऐकतो आणि कागदावर खूण करतो. पाच मिनिटं लागतात. शिवाय न वापरलेल्या सगळ्या क्रमांकांवर मी साधा, स्वच्छ आवाज भरून ठेवलाय. चुकून भलती चिठ्ठी आलीच, तरी कोणी दचकणार नाही.

पुढच्या वर्षी त्याच सोसायटीत आम्ही पुन्हा गेलो. बाईंनी तेच गाणं मागून घेतलं. सुरुवात करण्याआधी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, ‘‘आज तुमची पेटी शहाण्यासारखी वागेल ना?’’ मी म्हटलं, ‘‘बाई, पेटी तेव्हाही शहाणीच होती.’’ त्या हसल्या. मी तार छेडली, त्या मुलानं बासरी लावली आणि माझ्या गिटारचा आवाज होता तसाच राहिला.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)