घडवलेला दागिना : वजन किती, सोने किती?

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या बाजारपेठांत तयार दागिने मुबलक मिळतात. तरीही लग्नसराईत ऑर्डर देऊन दागिना घडवून घेण्याची रीत टिकून आहे. मुलीची ठुशी, झुमके, काळी पोत यांत कांदा-टोमॅटोच्या पट्टीतला आणि दुकानाच्या गल्ल्यातला साठवलेला पैसा जातो. म्हणून हे काम कसे चालते, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

ठुशीचे उदाहरण घेऊ. शुद्ध सोने मऊ असते, म्हणून त्यात तांबे व चांदी मिसळतात. २२ कॅरेटच्या १० ग्रॅममध्ये सुमारे ९.१६ ग्रॅम सोने असते. मुशीत टाकणखार घालून हे वितळवतात, लगड ओततात व तिचा पातळ पत्रा करतात. पत्र्याचे तुकडे ठशात दाबले की अर्ध्या वाट्या होतात. दोन वाट्यांना डाग दिला की पोकळ मणी तयार होतो. तो चेपू नये म्हणून आत लाख भरतात. शेवटी उजाळा दिलेले मणी दाटीने गुंफून मागे दोरी-गोंडा लावतात.

खरा हिशेब इथेच आहे. लाख, दोरा, खडे यांचेही वजन तराजूवर येते. अडीअडचणीला दागिना मोडायला नेला, की लाख जळते आणि सोने तेवढे उरते. आम्ही कापडवाले लांबीबरोबर पन्हाही पाहतो. तसे इथे एकूण वजनाबरोबर निव्वळ सोन्याचे वजन विचारावे.

दुसरी बाब डागाची. डाग दागिन्याआधी वितळावा लागतो, म्हणून त्यात सोने कमी असते. जोड जास्त असलेला जुना दागिना आटवल्यावर कस उतरतो, तो दरवेळी लबाडीमुळेच नव्हे.

तिसरी बाब घट व मजुरीची. कानशीने घासताना सोन्याचा कीस पडतो. कारागीर तो जपतो. भट्टीची राखसुद्धा झारेकऱ्याकडे जाते. हातकामात कारागिराचे दिवस खर्च होतात. घट व मजुरी आधी ठरवावी. माल तयार झाल्यावर घासाघीस केली तर चांगला कारागीर हा धंदाच सोडतो.

१६ जून २०२१ पासून देशातील २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या मालावर सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही आवश्यक झाला. हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. लहान उलाढालीच्या दुकानदारांना व दोन ग्रॅमखालील दागिन्यांना सवलत आहे. तिथे चिठ्ठीच कामी येते.

'सराफ' हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ नाणी बदलून देणारा, म्हणजेच पारखणारा. ही पारख गिऱ्हाइकानेही करावी. जुने सोने मुशीत जाण्यापूर्वी त्याचे वजन व कस, नव्या दागिन्याचे निव्वळ वजन, घट आणि मजुरी या गोष्टी चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी. त्यात गिऱ्हाइकाची पुंजी सुरक्षित राहते आणि कारागिराची इज्जतही.